एक्केचाळीस मुलांची सामान्य दृष्टी रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. शालेय आरोग्य अधिकारी,
शालेय आरोग्य कक्ष, दुसरा मजला.

(मार्फत : मुख्याध्यापिका, प्राथमिक शाळा क्रमांक नऊ)

विषय : इयत्ता तिसरी, तुकडी ब मधील एक्केचाळीस विद्यार्थ्यांच्या नेत्रतपासणी कार्डावरील ‘दृष्टी सामान्य’ हा शेरा रद्द होऊन मिळणेबाबत.

संदर्भ :
१) आपल्या कक्षाचे नेत्रतपासणीविषयक परिपत्रक, कलम तीन.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, दिनांक २२ जानेवारी, ११ एप्रिल व १९ जुलै.
३) वरील अर्जांना मिळालेली आपल्या कक्षाची तीन उत्तरे व एक ज्ञापन.
४) आपल्या कक्षाने शाळेस दिलेले प्रशस्तिपत्र.

महोदय,

१. अर्जदार हा प्राथमिक शाळा क्रमांक नऊमध्ये शिक्षक असून त्याच्या नोकरीला चोवीस वर्षे झाली आहेत. पहिलीला हाती घेतलेला वर्ग चौथीपर्यंत स्वतःच न्यायचा, अशी या शाळेची रीत आहे. त्यामुळे आज तिसरी ब मध्ये बसणारी एक्केचाळीस मुले अर्जदाराकडे पहिलीपासून आहेत. व्हरांड्यातली कोणती चप्पल कोणाची आणि कोणाचा डबा मधल्या सुट्टीआधीच कोण संपवतो, हे त्याला न विचारता सांगता येते. कोणाला किती दिसते हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. ते ठाऊक करून घेण्याचे काम त्याच्याकडेच होते, आणि ते झाल्याचे त्याने सहीनिशी लिहून दिलेले आहे. यापूर्वीच्या तिन्ही अर्जांत त्याने मुद्द्याचे तेवढेच लिहिले. त्याचा उपयोग झाला नाही. म्हणून या खेपेस सगळेच लिहिले आहे. अर्ज लांबला आहे, तो जेवणाच्या सुट्टीनंतर वाचायला घेतल्यास बरे पडेल.

२. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये, ही मुले पहिलीत असताना, आपल्या कक्षाकडून एका पुठ्ठ्याच्या नळीत घालून नेत्रतपासणीचा तक्ता आला आणि सोबत परिपत्रक आले. तपासणी वर्गशिक्षकाने करायची होती. त्यासाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण ठेवलेले होते. त्या प्रशिक्षणास चहा वेळेवर आला, प्रशिक्षक आले नाहीत, आणि हजेरीपटावर सह्या झाल्यावर आम्ही सर्व शिक्षक प्रशिक्षित होऊन आपापल्या शाळेत परतलो. त्यामुळे मार्गदर्शनासाठी अर्जदाराजवळ परिपत्रकाशिवाय काही नव्हते. त्याचे कलम तीन येणेप्रमाणे : “तपासणीपूर्वी विद्यार्थ्यांची पूर्वतयारी करून घ्यावी, जेणेकरून तपासणीचा वेळ वाया जाणार नाही.”

३. आपला कक्ष हा दवाखान्याच्या बाजूचा आहे, शाळेच्या बाजूचा नाही, म्हणून अर्जदार नम्रपणे खुलासा करू इच्छितो. शाळेत ‘तयारी’ या शब्दाला एकच अर्थ आहे. पाहुणे येणार असले की स्वागतगीताची तयारी होते, तपासणीस येणार असले की पाढ्यांची तयारी होते. तयारी म्हणजे विचारले जाणार ते आधी सांगून ठेवणे आणि मुलांच्या तोंडी बसेपर्यंत घोटून घेणे. चोवीस वर्षांत या शब्दाला दुसरा अर्थ अर्जदाराच्या पाहण्यात आलेला नाही. पहिलीच्या मुलांची ऑगस्टपर्यंत मुळाक्षरेही जेमतेम निम्मी झालेली होती. तक्त्यावर तर ‘ख’ होता, ‘ट’ होता. मुले न आलेल्या अक्षरापाशी अडतील आणि कागदावर त्यांचे डोळे अधू ठरतील, अशी रास्त शंका अर्जदाराला आली. म्हणून त्याने तक्ता फळ्याशेजारी टांगला, छडीने ओळी दाखवल्या, आणि दहा दिवस रोज प्रार्थनेनंतर मुलांकडून तो पाठ करून घेतला. मुलांना चाल लागते, म्हणून पाढ्यांचीच चाल दिली. ग. प र. त म न. व ल क द. अशा सातही ओळी. अकराव्या दिवशी पलीकडच्या अ तुकडीलाही त्या भिंतीतून ऐकून पाठ झाल्या होत्या.

४. तपासणी परिपत्रकाबरहुकूम झाली, हे अर्जदार शपथेवर सांगू शकतो. सहा मीटर अंतर हवे होते, खोली साडेपाच मीटर भरली. तेव्हा प्रत्येक मुलाला दाराबाहेर अर्धा मीटर व्हरांड्यात उभे केले. एका डोळ्यावर वहीचा पुठ्ठा धरला, मग दुसऱ्यावर. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मुलांनी दोन्ही डोळ्यांनी सातही ओळी न अडखळता म्हटल्या. दोघांनी तर तक्त्याकडे पाठ करून म्हणून दाखवल्या, त्यांना अर्जदाराने नीट सरळ उभे राहायला सांगितले आणि ६/६ लिहिले. अर्जदाराला त्या दिवशी आनंद झाला होता. हे तो लपवू इच्छित नाही. प्रत्येक मुलामागे एक याप्रमाणे एक्केचाळीस कार्डे भरली, त्यांवर ‘दृष्टी सामान्य’ असा शेरा लिहिला, खाली सही केली, सहीखाली आपल्या कक्षाचा शिक्का बसला आणि ती घरोघरी गेली. कार्डाची मुदत तीन वर्षांची आहे. पुढे आपल्या कक्षाकडून ‘शंभर टक्के तपासणी, शून्य दोष’ असे प्रशस्तिपत्र आले. मुख्याध्यापिकाबाईंनी ते चौकटीत बसवून आपल्या खुर्चीच्या मागे लावले. ते सरळ टांगले गेले आहे की नाही हे अर्जदारानेच लांबून पाहून सांगितले होते.

५. आता पटावरील अनुक्रमांक ४१ विषयी. तिचे नाव येथे लिहीत नाही. आपल्या नोंदवहीत ते ‘सामान्य’ या शब्दाच्या डाव्या बाजूला आहे. वर्गात तिला मुंगी म्हणतात. वाचताना तिचे नाक ओळीवरून कागदाला लागून चालते, म्हणून. हे नाव मुलांनी ठेवले, आणि अर्जदारही तिला त्याच नावाने हाक मारू लागला, पण नाक कागदाला का लागते हे त्याने विचारले नाही. मुंगीला कविता एकदा ऐकून येत असे. पाढे उलटे येत. तोंडी परीक्षेत ती पहिली आणि फळ्यावरचे उतरवून घेण्यात शेवटची. शेजारणीच्या वहीत डोकावते म्हणून तिला दोनदा जागा बदलून दिली. प्रगतिपुस्तकात अर्जदाराने पहिलीत लिहिले, ‘हुशार पण आळशी.’ दुसरीत पुन्हा तेच लिहिले. अक्षर मात्र दुसऱ्या खेपेला जास्त ठसठशीत आहे.

६. गेल्या १९ जानेवारीस मधल्या सुट्टीत मुले आंधळी कोशिंबीर खेळत होती. रुमाल कोणाकडेच नव्हता, तेव्हा ज्याच्यावर राज्य त्याने हातांनी डोळे झाकायचे असे ठरले. मुंगीवर राज्य आले. तिने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि एकच हात पुढे करून चाचपत निघाली. डावा डोळा उघडाच. मुलांनी चीटिंग, चीटिंग असा गलका केला. तेवढ्यात ती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर आदळली, आणि गुडघा फुटला. अर्जदार न्यायनिवाड्यास गेला. एक डोळा उघडा ठेवून राज्य देतात का, असे त्याने तिला दरडावून विचारले. तिने गुडघ्यावर थुंकी लावत सांगितले, “सर, हा बघायचा नाही. हा नुसता जोडीला असतो.”

तिला गंमत करायची नव्हती. माणसाला दोन डोळे असतात, त्यांतला एक बघण्याचा आणि एक जोडीचा, असे ती धरून चालली होती. सगळ्यांचे तसेच असते असे तिला वाटत होते. कानांचे कसे, असे अर्जदाराने विचारले. कान दोन्ही ऐकतात, ती म्हणाली, आणि थोडा विचार करून म्हणाली की डोळ्यांचे वेगळे असते.

७. दुसऱ्याच दिवशी अर्जदार मुंगीला व तिच्या आईला घेऊन सरकारी नेत्ररुग्णालयात गेला. आई शर्टांच्या कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर कामाला आहे. अर्ध्या दिवसाची रजा मिळवताना तिने कारण म्हणून ‘शाळेत बोलावलं’ असे सांगितले होते, कारण मुलीचे डोळे हे कारण तिला खरे वाटत नव्हते. घरी कार्ड होते. डॉक्टरीणबाईंनी मुंगीचा उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरची दिव्याची पेटी लावली. त्या पेटीवरची अक्षरे वेगळी होती. मुंगीने हात मागे बांधले आणि पाढ्यांच्या चालीत सुरुवात केली. ग. प र. त म न. सातही ओळी, एकही चूक नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला मध्ये तोडले नाही. मग त्यांनी पेटीचा दिवा मालवला आणि पुन्हा म्हणायला सांगितले. अंधाऱ्या पेटीकडे पाहत मुंगीने पुन्हा तेच म्हटले, आणि या वेळेस अर्जदाराकडे वळून बघितले. शाबासकीसाठी ती तशी नेहमी बघते.

“छान पाठ आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कुणी करून घेतलं?”

अर्जदाराने हात वर केला. वर्गात मुले करतात तसा.

८. निदान असे झाले की उजव्या डोळ्याला जाड चष्मा लागेल, आणि डावा हा ‘आळशी डोळा’ आहे. वैद्यकात तसाच शब्द आहे, अर्जदाराने तो दोनदा विचारून खात्री करून घेतली. या डोळ्यात रोग काही नसतो. लहानपणापासून त्यातून चित्र धूसर जाते, मग मेंदू त्या डोळ्याचे ऐकायचे सोडून देतो. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून या डोळ्याला कामाला लावावे लागते, आणि हे सगळे वय लहान असेपर्यंत. सहाव्या वर्षी आणले तर डोळा पुष्कळदा परत येतो. आठ-नऊच्या पुढे क्वचितच. मुंगी त्या दिवशी पावणेआठ वर्षांची होती. बाहेर बाकावर बसल्यावर अर्जदाराने आईला हे सर्व समजावून सांगितले. तिने लक्ष देऊन ऐकले. प्रगतिपुस्तकावर दोन्ही वर्षी सही तिनेच केलेली होती.

“आळशी कोण, सर?” तिने विचारले. “ती का डोळा?”

९. म्हणून अर्जदाराने २२ जानेवारी रोजी पहिला अर्ज दिला. मुंगीचे तर कळले. उरलेल्या चाळीस मुलांचे डोळे कोणी पाहिलेलेच नाहीत, फक्त पाठांतर ऐकलेले आहे, सबब सर्वांची फेरतपासणी व्हावी, एवढीच विनंती होती. मुख्याध्यापिकाबाईंनी अर्ज वाचून, झाकली मूठ उघडण्याची ही अवदसा सरांना का आठवली असे विचारले, परंतु ‘योग्य कार्यवाहीस्तव सविनय सादर’ असा शेरा मारून तो पुढे पाठवला. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या कक्षाचे उत्तर आले की फेरतपासणी दोष आढळलेल्या विद्यार्थ्यांचीच करण्यात येते. सदर वर्गात एकही दोष आढळलेला नसल्याने फेरतपासणीचा प्रश्न उद्भवत नाही.

११ एप्रिलच्या अर्जासोबत अर्जदाराने मुंगीचे रुग्णालयाचे कागद जोडले. त्यावर असे कळवण्यात आले की, नोंदवहीनुसार सदर विद्यार्थिनीची दृष्टी तपासणीच्या दिवशी सामान्य असल्याने दोष नंतर उत्पन्न झालेला दिसतो. तसे नसल्यास, तपासणीच्या दिवशी दोष होता असा त्या दिवसाच्या तारखेचा वैद्यकीय दाखला सादर करावा. असा दाखला कोठे मिळतो याची चौकशी करण्यास अर्जदार स्वतः आपल्या कक्षात आला होता. आपण दौऱ्यावर होता. आवक-जावक पाहणारे लिपिक माणुसकीने वागले, त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि आवाज खाली आणून म्हणाले, “सर, चूक झाली नाही म्हणणाऱ्यांसाठी आमच्याकडे छापील नमुना आहे. झाली म्हणणाऱ्याचं काय करायचं, ते वरून आलेलंच नाही.”

१०. १९ जुलैच्या तिसऱ्या अर्जात अर्जदाराने मागणी पुष्कळ खाली आणली. फेरतपासणी राहू द्या, वेगळ्या अक्षरांचा एक तक्ता तेवढा द्या, बाकी मी पाहतो, असे लिहिले. या अर्जास आपल्या कक्षाने तत्परतेने प्रतिसाद दिला व नऊ दिवसांत नवा तक्ता पाठवला, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. शिपाई नळी घेऊन वर्गात आले. अर्जदाराने झाकण काढले, तक्ता अजून नळीतच होता, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी सुरुवात केली, “ग.” मग सगळा वर्ग. सात ओळी संपेपर्यंत अर्जदार नळी हातात धरून उभा राहिला. नंतर तक्ता उलगडून पाहिला. मुलांचे बरोबर होते. सोबत कलम तीनकडे लक्ष वेधणारी सूचनाही होती.

११. मग अर्जदाराने जुन्या वर्तमानपत्रांचे मथळे कापून, पट्टीने मापे घेऊन, घरी स्वतःचा तक्ता बनवला. एका दुपारी मुलांना एकेक करून रिकाम्या खोलीत बोलावले, दार लावून घेतले. सहा मुले अडखळली. अर्जदार डॉक्टर नाही, खळ लावलेला तक्ता हा काही यंत्र नाही, परंतु सहा मुले अडखळली. दुसऱ्या दिवशी या गोष्टीचा बोभाटा झाला आणि त्याच आठवड्यात अनधिकृत साहित्याद्वारे विद्यार्थ्यांची तपासणी केल्याबद्दल आपल्या कक्षाचे ज्ञापन आले. तक्ता जमा करून घेण्यात आला. तो सध्या आपल्या कपाटात असावा.

सहा जणांच्या पालकांना अर्जदार घरी जाऊन भेटला. रुग्णालय बुधवारी मुलांचे डोळे तपासते, कोणाच्या चिठ्ठीची गरज नाही, फक्त घेऊन जा, असे सांगितले. प्रत्येक घरात त्याच्यापुढे कार्ड ठेवण्यात आले. एकांनी ते प्लास्टिकमध्ये घालून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. एक पालक घड्याळदुरुस्तीचे काम करतात. त्यांनी डोळ्याचे भिंग कपाळावर सरकवले, कार्डावरची सही आणि अर्जदाराचा चेहरा आलटून पालटून पाहिला, आणि शांतपणे म्हणाले, “ही सही तुमचीच ना, सर? मग तेव्हाचे सर खरे का आत्ताचे, ते आधी तुमच्यात ठरवा.” सहीखाली शिक्का आपल्या कक्षाचा आहे, आणि शिक्का सहीपेक्षा मोठा आहे.

१२. इकडे मुंगीची पट्टी सुरू होती. रोज चार तास, त्यांतले तीन शाळेत. त्या तीन तासांत तिला फळा दिसत नसे, बाक दिसे, माणसाचा आकार दिसे. अर्जदार फळ्यावर लिहील ते मोठ्याने म्हणूनही दाखवू लागला, पण डॉक्टरीणबाई रागावल्या. तिला कानाने घेऊ देऊ नका, डोळ्याला घाम फुटला पाहिजे, असे त्यांनी बजावले. तेव्हा ज्या वर्गाला अर्जदाराने चोवीस वर्षांच्या सवयीने सर्व काही मोठ्याने म्हणायला शिकवले होते, त्याला त्याने ओठ मिटून वाचायला लावले. मुलांना ते जड गेले. मुंगी पट्टीला नावे ठेवत असे, पण काढत नसे. जूनमध्ये तिने डाव्या डोळ्याने रुग्णालयाच्या पेटीवरचे पहिले अक्षर ओळखले. ऑगस्टमध्ये दुसरी ओळ. सप्टेंबरमध्येही दुसरीच.

२७ ऑक्टोबर रोजी डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले आणि पट्टी बंद करायला सांगितली. वरच्या दोन ओळी आल्या आहेत, तेवढ्याच राहतील, पुढे नेण्यात अर्थ नाही, उजव्या डोळ्याला जपा. चेंडूपासून, टोकदार वस्तूपासून, सगळ्यापासून. कारण आता तोच आहे. मुंगी बाहेर बाकावर पाय हलवत बसली होती. पट्टी सुटली म्हणून ती खुशीत होती. डॉक्टरीणबाई कागद लिहिता लिहिता आईला म्हणाल्या, “दोन वर्षं आधी आणायला हवी होती हो.”

आईने आवाज न चढवता सांगितले, “दोन वर्षांपूर्वी तर कार्ड आलं होतं.”

औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभे असताना तिचे लक्ष अर्जदाराच्या बाहीकडे गेले. मनगटाचे बटण एका धाग्यावर लोंबत होते. तिने पिशवीतून सुई काढली, अर्जदाराला हात पुढे करायला सांगितला, आणि रांग सरकेपर्यंत बटण लावून, दाताने धागा तोडून मोकळी झाली. तिच्या कामाचा हात आहे, बटण आता शर्ट फाटला तरी निघणार नाही. तिने अर्जदाराला चार शब्द सुनावावेत अशी त्याची अपेक्षा होती. त्याने तशी मनाची तयारी केली होती. तिने काही सुनावले नाही, आणि ते अर्जदाराला अद्याप पेलता आलेले नाही.

१३. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर वर्गात, मुले चित्रे काढत असताना अर्जदाराने चाळीस चिठ्ठ्या हाताने लिहिल्या. मजकूर एकच : ‘आपल्या पाल्याच्या डोळ्यांची तपासणी मी केली नाही. मी त्याचे पाठांतर ऐकले व खोटे लिहून दिले. कार्डावर विश्वास ठेवू नये. बुधवारी रुग्णालयात न्यावे.’ खाली सही. यामुळे शाळेची बेअब्रू झाली, हे मुख्याध्यापिकाबाईंचे म्हणणे अर्जदाराला मान्य आहे. पुढच्या दोन बुधवारी बावीस मुले गेली. चौघांना चष्मा लागला. त्यांतले दोघे अर्जदाराच्या तक्त्यावर अडखळलेल्या सहांपैकी होते, दोघे तिथेही सटासट वाचून गेलेले. अर्जदाराचा तक्ताही काही शंभर टक्के नव्हता. चौघांपैकी एका मुलीचा उजवा डोळा आळशी निघाला. तिला परवापासून पट्टी बांधली आहे. ती आठ वर्षे दोन महिन्यांची आहे, आणि काहीतरी हाती लागेल असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत.

अठरा मुले अजून गेलेली नाहीत. अडखळलेल्या सहांपैकी चार त्यांत आहेत. अर्जदार त्यांच्या घरी प्रत्येकी दोनदा जाऊन आला. काही पालकांना कामातून सवड नाही, त्यांना सवड कार्डाने दिली आहे. काहींचे मत असे की सरांचे डोके ठिकाणावर नाही, आणि अशा माणसाच्या चिठ्ठीपेक्षा सरकारी शिक्का बरा. तिसऱ्या फेरीला एका घरातून लहान मुलीने दार न उघडताच सांगितले की घरी कोणी नाही. ती आपली पटावरची बाराव्या क्रमांकाची होती. अर्जदाराने आवाज ओळखला.

१४. सबब अर्जदाराने आपल्या मागण्या पुन्हा एकदा कमी केल्या आहेत. फेरतपासणी नको. तक्ता नको. मुंगीच्या नोंदीत दुरुस्तीही नको, तिला आता त्याचा उपयोग नाही. अर्जदारावर योग्य ती शिस्तभंगाची कारवाई व्हावी अशी त्याची इच्छा आहे, पण ती सवडीने झाली तरी चालेल. आज मागणी एका ओळीची आहे. आपल्या कक्षाच्या छापील कागदावर, आपल्या सहीने आणि त्याच शिक्क्याने, ‘सदर कार्डे रद्द समजावीत’ असे चार शब्द, अठरा प्रतींत. प्रती अर्जदार स्वतः लिहून आणील. पोचवणेही तोच करील. आपण फक्त शिक्का मारावा. शिक्का असला की ते लोक मुलांना घेऊन जातील, कारण ते शिक्क्याचे ऐकतात. ती माणसे वाईट नाहीत. मुलांवर त्यांचा जीव आहे, म्हणूनच त्यांनी कार्ड इतके जपून ठेवले.

आपल्या कामाचा व्याप अर्जदार जाणून आहे. तरी हा अर्ज आधीच्या तिन्ही अर्जांच्या खाली न ठेवता वर ठेवावा, एवढी कृपा व्हावी.

एक्केचाळीस कार्डांवर सही करणारा,

(सही)
वर्गशिक्षक, इयत्ता तिसरी ब,
प्राथमिक शाळा क्रमांक नऊ.
दिनांक : १६ नोव्हेंबर

सोबत :
१) अनुक्रमांक ४१ चे रुग्णालयाचे कागद, जानेवारी ते ऑक्टोबर.
२) पालकांना दिलेल्या चिठ्ठीची नक्कल.
३) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत. (चौकट शाळेच्या मालकीची असल्याने काढून ठेवली आहे.)
४) उरलेल्या अठरा मुलांची यादी, जन्मतारीख व वयासह. वय आजच्या तारखेचे लिहिले आहे. आपण यादी हाती घ्याल तेव्हा ते वाढलेले असेल, तरी कृपया तेवढे दुरुस्त करून वाचावे.